समुपदेशक आपल्यातलाच हवा का?

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका आईने लिहिलेले पत्र, ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात असे आहे:

«माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढून तो २०१९ साली इंग्लंडला गेला आणि स्विंडन येथे एका गोदामात काम करतो. आमचा खनिज वाहून नेणारा ट्रक होता. खाणी बंद पडल्यावर तो विकला, पण कर्ज राहिले आणि त्याचे हप्ते अजून तोच भरतो. गेल्या वर्षभरात तो बोलेनासा झाला आहे. व्हिडिओ कॉल केला की मोबाईल छताकडे वळवून ठेवतो. झोप नाही, पोटात सारखे जळजळते म्हणतो. कामावर त्याचे नाव कोणी नीट घेत नाही, सगळे त्याला 'सॅम' म्हणतात. एकदा डब्यात बांगड्याचे हुमण नेले तर सोबतच्यांनी नाके दाबून खिडक्या उघडल्या. तेव्हापासून तो गाडीत बसून जेवतो. तिथल्या डॉक्टरांनी त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवले. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण चार बैठका झाल्यावर त्याने जाणे सोडले. कामावरचे प्रकार सांगितले तेव्हा, त्यांचा तसा हेतू होता हे तुला कशावरून वाटते, असे त्यांनी विचारले. कर्जाचे सांगितले तेव्हा, घरच्यांपासून थोडे अंतर ठेव, असे त्या म्हणाल्या. आता तो म्हणतो, 'आई, त्यांना सगळे मुळापासून समजावून सांगण्यातच माझा तास जातो. आपल्याकडचा कोणी असेल तर बघ.' त्याचे वडील म्हणतात, ही सगळी थेरे आहेत, सरळ परत ये म्हणावे. मी देवळात गाऱ्हाणे घातले आणि परत येऊ दे का म्हणून विचारले, तर उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळाला. मी आपल्यातलाच समुपदेशक शोधू का? आणि गावात कळले तर काय?»

ताई,

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देते. आपल्या भागातला, आपली भाषा बोलणारा समुपदेशक मिळाला तर तुमच्या मुलाला सुरुवात करणे सोपे जाईल, परंतु तो आपल्यातलाच असला पाहिजे असे नाही, आणि तसा मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. त्याच्या बाबतीत जे घडते आहे ते खरोखर घडते आहे असे मानणारा, आणि त्याच्या घराविषयी, कर्जाविषयी, देवाविषयी आपले मत बनवण्याआधी त्यालाच विचारणारा माणूस त्याला हवा आहे. असा माणूस जन्माने इंग्रज असू शकतो, आणि आपल्या साखळी गावी जन्मलेल्या समुपदेशकाकडे हे दोन्ही गुण नसू शकतात.

'मुळापासून समजावून सांगण्यातच माझा तास जातो' हे त्याचे म्हणणे तुम्ही मनावर घेतलेत हे फार बरे केलेत. उपचार कुठे अडला हे त्याने एका वाक्यात सांगितले आहे. एकत्र कुटुंब कसे चालते, थोरल्या मुलाने बापाचे कर्ज फेडणे हे आपल्याकडे कसे न बोलता ठरलेले असते, खाणी बंद पडल्यावर डिचोली आणि सत्तरीतल्या घरांचे काय झाले, पोर्तुगीज पासपोर्टवर माणसे इंग्लंडला का जातात, हे सगळे सांगून होईपर्यंत वेळ संपत असेल आणि मूळ दुखणे दाराबाहेरच राहत असेल, तर तो माणूस थकून जाणे थांबवतो यात नवल काहीच नाही. शिवाय समजावून सांगण्याचे हे काम तो दिवसभर गोदामातही करतोच आहे. निदान जिथे मन मोकळे करायला जायचे तिथे तरी ते करावे लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

त्या बाईंनी 'कशावरून वाटते' असे विचारले ते दुष्टपणाने विचारले असेल असे मला वाटत नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, बोलण्यातून होणाऱ्या उपचारांत कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, अर्थात सीबीटी, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. उदास किंवा भ्यालेला माणूस घटनांचा अर्थ वाजवीपेक्षा काळा लावतो, म्हणून त्याने आपल्या विचारांचा पुरावा स्वतःच तपासून पाहावा, असा तिचा गाभा आहे. 'मी कुचकामी आहे', 'माझे कधीच भले होणार नाही' अशा विचारांवर ती चांगली लागू पडते. पण ज्याच्या तोंडावर खरोखरच नाक दाबले गेले आहे त्याला पुरावा विचारला की त्याच्या दृष्टीने तो प्रश्न उलटतपासणी होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी १९७० साली अशा रोजच्या बारीक अपमानांना 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हे नाव दिले. त्यातला प्रत्येक प्रसंग इतका छोटा असतो की तो करणाऱ्याला सहज नाकारता येतो, 'अरे, गंमत केली' म्हणता येते. मग ते खरे होते की माझ्याच मनाचे खेळ, हे ठरवण्याचे ओझे ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्याच्याच डोक्यावर येते. रात्री झोप न येण्याचे एक मोठे कारण हेच असते. तोच प्रश्न समुपदेशकानेही विचारला तर ते ओझे दुप्पट होते.

जाणत्या समुपदेशकाने इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या असत्या. खिडक्या उघडल्या गेल्या, हे घडले. त्यावर वाद घालायचा नाही. उलट, ऐकणाऱ्याने ते स्पष्ट शब्दांत मान्य करायचे. परंतु त्या दिवसानंतर 'माझ्या जेवणाला घाण येते, माझ्या घरच्यांना राहण्याची रीत नाही, मी लोकांत बसण्याच्या लायकीचा नाही' असे काही त्याच्या मनात रुजले असेल, तर ते तपासायचे, कारण ते बाहेरून आत आलेले आहे आणि त्याचे खरेपण सिद्ध झालेले नाही. गाडीत एकट्याने जेवणे हे त्याने तेव्हा स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेले साधन होते. आज तेच साधन त्याला माणसांपासून तोडत आहे का, हेही त्याच्याबरोबर बसून पाहायचे. म्हणजे सीबीटी फेकून द्यायची गरज नाही, ती कुठे लावायची याचे भान हवे. पाकिस्तानी वंशाचे मनोविकारतज्ज्ञ फारूक नईम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पाकिस्तान व इंग्लंडमध्ये आणि पुढे कॅनडात दक्षिण आशियाई लोकांसाठी याच पद्धतीत बदल करण्याचे काम केले आहे. कुटुंबाला उपचारात जागा देणे, शरीराच्या तक्रारींपासून बोलणे सुरू करणे, श्रद्धेविषयी मोकळेपणाने विचारणे, आपल्याकडच्या गोष्टी आणि म्हणी वापरणे, असे ते बदल आहेत.

ही जाण नवी नाही. मार्टिनिक बेटावर जन्मलेले फ्रान्झ फॅनन १९५३ साली अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. त्यांनी फ्रान्समध्ये शिकलेली पद्धत तिथे लागू केली: रुग्णांच्या सभा, हस्तकला, सण-समारंभ. युरोपीय स्त्रियांच्या विभागात तिचा चांगला परिणाम दिसला, आणि अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात ती साफ फसली. फॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने याचा दोष रुग्णांवर ढकलला नाही. आपणच युरोपीय समाजाचा साचा उचलून आणला, असे त्यांनी १९५४ साली लिहून मांडले, आणि मग त्या विभागात तिथल्या धर्तीचे कॉफीघर, तिथले सण आणि पारंपरिक कथेकरी आले. उपचार रुग्णाला लागू पडला नाही तर आधी उपचार तपासावा, हा त्यांचा धडा मला आजही या क्षेत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या मुलाने चार बैठकांनंतर जाणे सोडले याला 'त्याला बरे व्हायचेच नाही' असे घरात कोणी म्हणत असेल, तर ते बोलणे तिथेच थांबवा.

आपल्या गोव्यातही या बाबतीत मोलाचे काम झाले आहे आणि ते बहुतेक गोमंतकीयांना ठाऊक नसते. १९९६ साली येथे स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांसाठी, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकरवी नैराश्यावर उपचार करून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि अशा समुपदेशकांकडून नैराश्याला उतार पडू शकतो हे जगाने गोव्याकडून शिकले. त्या कामात एक गोष्ट स्पष्ट दिसली होती. आपल्याकडे माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत दवाखान्यात येत नाही. तो अंग दुखते, थकवा येतो, झोप नाही, टेन्शन आहे असे सांगतो. तुमचा मुलगा पोटात जळजळते म्हणतो तेव्हा तो काही लपवत नसतो. पोटाची रीतसर तपासणी करून घ्यावी आणि त्याच वेळी हे दुखणे मनाच्या ताणाचेही असू शकते हे ध्यानात घ्यावे. पुढच्या समुपदेशकाला त्याने पहिल्याच दिवशी पोटाविषयी सांगावे.

आता 'आपल्यातला' या मुद्द्याकडे येते. आपल्या माणसाजवळ हुमण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, ही सोय खरीच आहे. भाषेचेही तसेच. तुमच्या घरी बहुधा कोकणी बोलत असाल, वाचन आणि आरती मराठीत होत असेल, आणि त्याचे काम इंग्रजीत चालते. राग एका भाषेत येतो, लाज दुसरीत वाटते, आणि हिशेब तिसरीत होतो. जी गोष्ट इंग्रजीत त्याला कोरडेपणाने सांगता येते ती कोकणीत उच्चारताना त्याचा गळा दाटून येईल, हे ज्याला कळते तो समुपदेशक निम्मे अंतर आधीच चालून आलेला असतो. परंतु आपल्या माणसाबरोबर आपल्या समाजाचे डोळेही खोलीत येतात. तो 'खंयचो? कोणाचो?' असे विचारील, आडनावावरून जात ताडील, आणि वरच्या जातीचा असेल तर नकळत एका सुरात, खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा असेल तर सावधपणे दुसऱ्याच सुरात बोलेल. स्विंडनमध्ये गोमंतकीयांची वस्ती मोठी आहे. तिथल्या समुपदेशकाची वहिनी आपल्याच कोणाच्या तरी ओळखीची निघेल अशी भीती मुलाला वाटली तर ती निराधार नाही. शिवाय आपला माणूस 'आईवडिलांसाठी एवढे करावेच लागते' असे म्हणून मोकळा होण्याचा धोका आहे, आणि तसे झाले तर कर्जाविषयी जे बोलायला हवे ते याही खोलीत बोलले जाणार नाही.

कर्जाविषयी मला तुमच्याशीही थोडे स्पष्ट बोलावे लागेल. 'अंतर ठेव' हा सल्ला त्या बाईंनी फार घाईने आणि आपल्या रीतीने दिला हे खरे. ज्याच्या लेखी घर चालवणे हाच स्वतःच्या आयुष्याचा अर्थ आहे, त्याला घरापासून दूर हो म्हणणे म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय. तरीही त्यांनी ज्या जागेवर बोट ठेवले ती जागा दुखरी आहेच. किती रक्कम राहिली आहे, कधी संपणार, हप्ता कमी करून मुदत वाढवता येते का, यावर घरात त्याच्यासह कधी बसून बोलणे झाले आहे का? नसेल तर ते करा, बँकेचे कागद पुढे ठेवून करा, आणि वडिलांनाही त्यात बसवा. आपल्या संस्कृतीची जाण ठेवणारा उपचार म्हणजे आपल्या प्रत्येक रूढीला मान डोलावणारा उपचार नव्हे. त्याला कर्ज फेडायचे आहे की नाही, हा प्रश्न तो मोकळेपणाने ऐकू शकेल आणि त्याचे उत्तर अपराधी न वाटता देऊ शकेल, असे वातावरण करून देणे हे समुपदेशकाचे काम आहे आणि काही अंशी तुमचेही.

प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी, ज्यांना 'एनएचएस टॉकिंग थेरपीज' म्हणतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून स्वतःच नाव नोंदवता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. एकदा सोडले म्हणून दार बंद होत नाही. नाव नोंदवताना त्याने स्वच्छ सांगावे की मागचा उपचार का सोडला, वंशभेदाच्या अनुभवांवर काम केलेला समुपदेशक मिळाल्यास बरे, आणि हवा असल्यास दुभाषा द्यावा. दुभाषा ओळखीतला किंवा नात्यातला नसावा, व्यावसायिक असावा, हा आग्रह त्याने जरूर धरावा. खाजगीत जायचे झाले तर 'ब्लॅक, आफ्रिकन अँड एशियन थेरपी नेटवर्क' या संस्थेकडे आशियाई आणि कृष्णवर्णीय समुपदेशकांची सूची आहे. मात्र ब्रिटनमध्ये 'समुपदेशक' ही पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून तो माणूस बीएसीपी किंवा यूकेसीपी यांच्यासारख्या व्यावसायिक संस्थेच्या नोंदवहीत आहे का, हे पाहूनच पैसे द्यावेत.

गोव्यातला समुपदेशक व्हिडिओवरून बोलेल, तोही एक मार्ग आहे, आणि कोकणीतून मोकळे होण्यासाठी तो उपयोगी ठरेल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी विचारा. परंतु केवळ त्यावर विसंबू नये. मध्यरात्री त्याला काही झाले तर इथला माणूस तिथे धावून जाऊ शकत नाही, आणि त्याच्या तिथल्या डॉक्टरांशी, औषधांशी इथल्या समुपदेशकाचा दुवा नसतो. तिथला उपचार मुख्य ठेवून हा जोडीला ठेवावा, आणि दोघांनाही एकमेकांविषयी सांगावे.

पहिल्या भेटीत समुपदेशकाला पारखण्याचा हक्क त्याला आहे, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या. 'तुम्ही माझ्यासारख्या, बाहेरून आलेल्या माणसांबरोबर काम केले आहे का? कामावर वंशभेद होतो असे मी म्हणालो तर तुम्ही काय करता? माझ्या घरच्यांविषयी तुमचा काय समज आहे?' असे विचारणे उद्धटपणाचे नाही. उत्तरात सगळे माहीत असल्याचा आव आणणाऱ्यापेक्षा 'मला गोव्याविषयी फारसे ठाऊक नाही, पण तुमच्या तासातला वेळ न खाता मी वाचून येईन' असे म्हणणारा मला अधिक भरवशाचा वाटतो. १९९८ साली अमेरिकेतील मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोघींनी डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी लिहिताना याच वृत्तीचा आग्रह धरला: दुसऱ्याची संस्कृती आपण शिकून संपवली असे कधीच मानू नये. आणि त्या समुपदेशकाने सर्वांत आधी 'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?' असे विचारले का, हेही त्याने पाहावे. त्याचे खरे नाव दोन-चार वेळा चुकून का होईना, पण शिकून घेणारा माणूस त्याला भेटणे गरजेचे आहे. तोवर तुम्ही फोनवर त्याला पूर्ण नावाने हाक मारत जा.

कामावरच्या प्रकारांवर मात्र केवळ समुपदेशन हा उपाय नाही. माणसाला खोलीत बसवून सहनशक्ती वाढवायची आणि खिडक्या उघडणाऱ्यांना तसेच सोडायचे, हा न्याय नव्हे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वंश, रंग आणि राष्ट्रीयत्व यांवरून होणाऱ्या छळापासून कामगाराला संरक्षण आहे, आणि तो कायदा हेतूबरोबर परिणामही पाहतो: एखाद्या वागण्याने माणसाची प्रतिष्ठा दुखावली जात असेल तर करणाऱ्याचा तसा हेतू नव्हता एवढ्याने तो सुटत नाही, मात्र तसा परिणाम होणे वाजवी होते का हेही तपासले जाते. समुपदेशक बाईंच्या प्रश्नाला कायद्यानेच हे उत्तर देऊन ठेवले आहे. घडलेले प्रसंग त्याने तारीख, वेळ आणि साक्षीदारांसह एका वहीत लिहून ठेवावेत, कामगार संघटनेचा सभासद असेल तर तिथे बोलावे, आणि 'एकॅस' या सार्वजनिक संस्थेच्या मोफत दूरध्वनीवर सल्ला घ्यावा. दाद मागण्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून सल्ला घेण्यास उशीर करू नये. तक्रार करायची की नाही हे मात्र त्याने ठरवावे. त्याची नोकरी, त्याची रोजची माणसे, धोका त्याचा.

हे लिहिताना आपल्या दारातले एक वास्तव नजरेआड करता येत नाही. कर्नाटक, झारखंड, ओडिशातून गोव्यात मजुरीला आलेल्या माणसांच्या जेवणाविषयी, बोलण्याविषयी, रंगाविषयी आपण जे बोलतो आणि 'घाटी' हा शब्द ज्या सुरात उच्चारतो, तो सूर स्विंडनच्या त्या गोदामातल्या सुरापेक्षा निराळा नाही. बायणा किंवा झुआरीनगरच्या मजूर वस्तीतून पोटात जळजळते म्हणून आरोग्य केंद्रात आलेल्या बाईलाही तिच्या भाषेत विचारणारा माणूस लागतो. तुमच्या मुलासाठी आपण जे मागतो आहोत ते तिच्यासाठीही मागावे, असे मला मनापासून वाटते.

कौलाविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे. संकोचाचे कारण नाही. देवापुढे गाऱ्हाणे घालताना तुम्ही आपले दुःख मोठ्याने बोललात, कोणीतरी ते ऐकले, आणि तुमचा जीव थोडा हलका झाला असेल, तर त्यात वाईट काहीच नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानपुस्तिकेत १६ प्रश्नांची एक मुलाखतच दिली आहे, ज्यात रुग्णाला विचारले जाते की तुमचे घरचे या त्रासाला काय म्हणतात, त्याचे कारण काय मानतात, आणि तुम्ही आजवर कोणाकोणाकडे गेलात. चांगला समुपदेशक गाऱ्हाण्याविषयी तुमच्या मुलाला असेच आदराने विचारील. मात्र उजवा कौल मिळाला म्हणून 'देवानेच परत बोलावले आहे' असा निरोप त्याला धाडू नका. आधीच वडिलांचा शब्द, बँकेचा हप्ता आणि मुकादमाची नजर एवढे त्याच्यावर आहे. त्यात देवाची आज्ञा घातली तर नाही म्हणण्याची वाटच राहणार नाही. शिवाय पोर्तुगीज नागरिकत्व घेतल्यावर भारताचे नागरिकत्व राहत नाही, त्यामुळे परत येऊन राहायचे आणि काम करायचे तर ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या, कार्डापासून तयारी करावी लागते. परत येणे हा त्याचा निर्णय होऊ शकतो, पण तो झोप लागू लागल्यावर, कागद समोर ठेवून घेतलेला असावा.

वडिलांशी भांडून काही साधणार नाही. त्यांना थेरे वाटतात, कारण त्यांच्या पिढीने अपमान गिळून घर चालवले आणि गिळणे हाच पुरुषार्थ मानला. पण गोमंतकीयांनी हा अपमान नेहमी गिळलाच असे नाही. १७८७ साली कांदोळीच्या पिंतो घराण्याच्या पुढाकाराने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध जो कट रचला गेला त्याच्या मुळाशी हीच चीड होती, की इथले धर्मगुरू कितीही विद्वान असले तरी वरची पदे गोऱ्यांसाठीच राखलेली. वडिलांना एवढेच सुचवा की त्यांनी मुलाला सल्ला न देता एकदा विचारावे, 'त्या दिवशी नक्की काय झाले?', आणि मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकावे. तुम्हीही 'दुर्लक्ष कर' आणि 'देव सगळे बघतो' हे दोन शब्दप्रयोग काही दिवस बाजूला ठेवा. 'जेवलास?' हे विचारताच आहात, तर त्याला जोडून 'कोणाबरोबर जेवलास?' असेही विचारा.

एक प्रश्न टाळू नका. 'जगू नये असे कधी वाटते का?' हे त्याला सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर घाबरून रडू नका, फोन ठेवू नका, त्याच्याजवळ आत्ता कोण आहे ते विचारा. तिथे ९९९ हा तातडीचा क्रमांक आहे, एनएचएसच्या १११ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा पर्याय निवडता येतो, आणि 'समॅरिटन्स' या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. हे तीनही त्याच्या मोबाईलमध्ये आजच नोंदवून घ्यायला सांगा, आणि त्याच्या एका तिथल्या मित्राचा क्रमांक तुम्ही स्वतःकडे ठेवा.

गावात कळण्याविषयी: ही माहिती त्याची आहे, म्हणून कोणाला सांगायचे हे त्यानेच ठरवू दे, आणि तोवर नणंद-जावांनाही सांगू नका. पण याचा अर्थ तुम्ही एकटीने हे वाहावे असा नाही. रात्री मोबाईल हातात घेऊन बसणाऱ्या आईलाही आधार लागतो. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, त्यावर मराठीतून बोलता येते आणि तुमच्या स्वतःच्या झोपेविषयी, भीतीविषयी तिथे बोलायला हरकत नाही. प्रत्यक्ष भेटून बोलायचे असेल तर बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाताना वडील सोबत आले तर उत्तमच, नाही आले तरी तुम्ही जा.